तिरपागडं

झायफेनच्या चढावर, जिथं पायाखाली
जुन्या कथलाच्या खाणी अजून पोकळ आहेत,
ट्राउगोटच्या कारखान्याची जमीन खिडकीकडे कललेली होती.
हातातून सुटलेल्या वस्तूला विचारावं लागत नसे, कुठं जाणार.
गोळे सरळ, घाईघाईनं शेगडीखाली जात
आणि थेट वसंतातल्या झाडलोटीला सापडत.
शंकू आपल्याच टोकाभोवती फिरत,
खुंटाला बांधलेल्या शेळीसारखे.

मी सोळा वर्षांची. नाताळची ऑर्डर डोक्यावर.
लिंडनच्या दोन फळ्या, मध्ये वर्तमानपत्राचा कागद,
सरस लावून जोडायच्या, लेथवर चढवायच्या,
दुहेरी शंकू कातायचा, बुडाला बूड,
टोक बरोब्बर काटकोनाचं (मास्तरांचा गुण्या खोटं बोलत नसे),
मग कागदावर पटाशी टेकवून एक ठोका.
दोन शकलं. ती कोरायची, पोटात घुंगरू,
आणि पुन्हा चिकटवायची, जणू काही झालंच नाही.

त्या दिवशी आई ओल्बर्नहाउला गेली,
नव्या नवऱ्याकडे, दोन ट्रंका घेऊन.
मी बसथांब्यावर गेले नाही.
बोटं गारठली होती, दिवा काजळला होता,
आणि चौकोनाच्या चारही बाजू सारख्याच.
कशीही लावा, बसतो. तक्रार करत नाही.

सकाळी सरस वाळला तेव्हा दिसलं:
एका अर्ध्याचं टोक जिथं संपतं
तिथं दुसऱ्याची कड सुरू होते.
पाव वळसा चुकला होता.
लाकडाच्या रेषा आडव्या-उभ्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या.

मास्तरांनी ते बोटांत फिरवलं,
चष्मा कपाळावर ढकलला,
एकच शब्द म्हणाले, जो इथं लिहीत नाही,
आणि जळणाच्या टोपलीकडे भिरकावलं.
नेम चुकला.

ते जमिनीवर पडलं आणि निघालं.
डावीकडे कललं, आता कोसळणार,
तेवढ्यात उजवीकडे. पुन्हा डावीकडे.
बदकीण तळ्याकडे निघावी तसं,
डुलत, पण कुठं जायचं ते पक्कं ठाऊक असलेलं.
एकदाही धक्का नाही, थबकणं नाही.
खिडकीखालच्या भिंतीला नाक लावून थांबलं.
आत घुंगरू अजून बोलत होतं.

त्यांनी उचलून आणलं, पुन्हा सोडलं.
अकरा वेळा. मी मोजत होते,
कारण बारावी वेळ माझ्या कानाखाली असेल असं वाटत होतं.

मग त्यांनी निळा खडू कुटला,
जमिनीवर खिडकीपर्यंत पसरला,
आधी एक गोळा सोडला.
त्याच्या अंगावर एक बारीक निळी रेघ,
बाकी सगळा कोरा, जसा गेला तसा आला.
मग माझं ते. भिंतीपाशी पोचलं तेव्हा
टोकापासून कडेपर्यंत निळंच निळं.
नखाएवढीही जागा अशी नव्हती
जिची पाठ जमिनीला टेकली नाही.

"नाव काय याचं?"
"चूक," मी म्हटलं.
"बरं. आणखी चाळीस चुका कर. शनिवारपर्यंत."

घाऊक दुकानदार ओएमे आला, टोपीसुद्धा न काढता.
चेंडू आहे? नाही. भोवरा? नाही.
मग गिऱ्हाइकाला सांगू काय?
दोन घेतले, तेही उधारीवर, बायकोला दाखवायला.
अडतीस आमच्याकडेच राहिले. काही वाटले,
काही त्या कडाक्याच्या फेब्रुवारीत शेगडीत गेले;
लिंडन पटकन जळतं.

पहिलं मात्र माझ्यापाशी आहे.
निळा रंग आता फक्त जोडाच्या खाचेत.
माझा खुबा बदलल्यापासून मी उतारावरून चालते
तेव्हा शेजारची गुड्रुन खिडकीतून हसते,
मला ठाऊक आहे कशाला.

आणि त्याच्या पोटात, दोन्ही शकलांना चिकटलेला,
त्या सकाळचा कागद असेल अजून,
पटाशीनं उभा फाडलेला, एका बाजूला आडवा झालेला.
बातमी कुठली होती
तेव्हाही मी वाचली नव्हती.